तलकाडच्या वाळूतला माइक

म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीच्या त्या नव्या सभागृहात शुक्रवारी सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. बाहेर चपलांचा ढीग, आत अगरबत्त्यांचा धूर आणि व्यासपीठावर रेशमी कापडात गुंडाळलेला एक माइक. हा माइक म्हणे तलकाडच्या वाळूत एकवीस दिवस पुरून ठेवला होता. वाळूने तिथली देवळं गिळली, पण मंत्र वाळूतच राहिले आणि तेच आता माइकमध्ये उतरले, असं नादगुरू चिदंबरस्वामी सांगत. मंत्र इतकी वर्षं तिथे काय करत होते, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

"गळा बसलेला असो, फाटलेला असो," स्वामींची टकळी चालू होती, "औषध बेडा, डॉक्टर बेडा, काही नको! गळ्यात कॅमेरा घातला की नाद विटाळतो. माझ्या माइकपुढे गा, अष्टे, एवढंच! देवी आधी ऐकते, शुद्ध करते, मग परत देते. म्हणून आवाज जरा उशिरा येतो."

लोक माना डोलावत होते. पहिल्या रांगेत नागोजीरावही डोलावत होते, आणि याचंच वाईट वाटतं. हा माणूस बस दुरुस्त करण्यात पस्तीस वर्षं घालवलेला मेकॅनिक. नुसत्या घरघरीवरून इंजिनाचा बिघाड सांगणारा. पण पोटच्या पोरीच्या बाबतीत त्यांची अक्कल गहाण पडली होती.

त्यांची मुलगी यशस्विनी लहान मुलांना गाणं शिकवायची. घरीच गाणी रेकॉर्ड करावीत म्हणून सात महिन्यांपूर्वी ती माइक निवडायला बोगादीच्या अनुरागकडे गेली. अनुराग नाशिकहून नोकरीसाठी आलेला. फावल्या वेळात आवाज रेकॉर्ड करण्याचा त्याला नाद. त्याने तिला तीन माइकवर गायला लावलं, हेडफोन लावून ऐकलं आणि म्हणाला, "यातला स्वस्तातला घेतलास तरी चालेल. खोलीत गोधड्या टांग म्हणजे आवाज घुमणार नाही, आणि सॉफ्टवेअर फुकटचं पुरे. पण तिन्ही माइकवर खरखर येतेय. म्हणजे ती माइकची नाही. आधी गळा दाखवून घे."

डॉक्टरांनी गळ्यात कॅमेरा घालून बघायची तारीख दिली. नागोजीराव घाबरले. बायको त्यांची गळ्याच्याच दुखण्याने गेली होती. त्यांनी तारीख एकदा पुढे ढकलली, मग दुसऱ्यांदा, आणि तेवढ्यात कुणीतरी स्वामींचं नाव सांगितलं.

स्वामींनी 'आवाजाची कुंडली' मांडायला तिची जुनी, निरोगी गळ्याची सगळी रेकॉर्डिंग मागून घेतली. तीन आठवड्यांनी तिला माइकपुढे उभं केलं, कानांवर जाड हेडफोन चढवले, आणि काय सांगावं! स्पीकरमधून पूर्वीचा खणखणीत आवाज. नागोजीराव तिथेच रडले. स्वामींनी घरी गायलाही तसाच संच दिला, लॅपटॉपसकट. आता पोर रोज चार-चार तास गात होती.

"अप्पा, गाऊन झाल्यावर गळ्यात पेन होतंय, दुखतंय," ती म्हणायची.

"नाद बसतोय गे, सुम्ने, उगाच घाबरू नको," अप्पा म्हणायचे. हे वाक्य स्वामींचं होतं. त्यांनी ते जसंच्या तसं उचललं होतं.

आज ती सगळ्यांसमोर घराण्याचं भवानीचं गाणं म्हणणार होती. तिने बोलावलं म्हणून अनुरागही मागे येऊन बसला होता. नागोजीरावांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेतले घोडेस्वार. मराठी अर्धी विसरली, पण एक रीत त्या घराने सोडली नाही: घरातल्या थोरल्या पुरुषाने 'उदो' दिल्याशिवाय देवीच्या गाण्याला तोंड फुटत नाही. स्वामींना ही रीत कुठून ठाऊक असणार? त्यांनी बटण दाबलं, यशस्विनीने श्वास घेतला, आणि सवयीने नागोजीराव उठून माइकपाशी गेले आणि ओरडले,

"आई भवानीचा उदो, उदो!"

क्षणभराने स्पीकरमधून 'उदो, उदो' आलं. बाईच्या आवाजात. यशस्विनीच्या आवाजात.

आणि यशस्विनीचं तोंड तर मिटलेलं होतं.

लोक एकमेकांकडे बघू लागले. स्वामी मात्र तयारीचे. "नोडि, नोडि, बघा! देवी यजमानांच्या मुखातून बोलली!" निम्मे लोक हात जोडून उठले.

नागोजीरावांनी हात जोडले नाहीत. त्यांच्यातला मेकॅनिक जागा झाला होता. माइकची वायर खाली जाते, गालिच्याखालून स्वामींच्या गादीकडे वळते, ते त्यांनी नजरेने धरलं. ते वाकले आणि गादीवरची शाल उचलली. खाली लॅपटॉप होता.

"अनुराग, बा, ये इकडे," ते म्हणाले. "हे काय आहे रे?"

अनुरागने पडद्यावर नजर टाकली आणि माइक स्वतःच्या तोंडाशी ओढला. "बोगादीची बस किती वाजता सुटते?"

स्पीकरमधून यशस्विनी विचारू लागली, बोगादीची बस किती वाजता सुटते. मागून कुणीतरी फस्सकन हसलं. देवीला बसचं वेळापत्रक कशाला हवं?

"हा चमत्कार नाही, मुखवटा आहे," अनुराग लोकांकडे वळून म्हणाला. "तिची जुनी रेकॉर्डिंग या सॉफ्टवेअरला शिकवली आहेत. आता माइकमध्ये कोणीही बोललं, तरी त्याच्या शब्दांवर हे तिचा जुना आवाज चढवतं. त्या कामाला जो वेळ लागतो, तोच तुमचा देवीचा उशीर. हेडफोनमुळे तिला स्वतःचा गळा ऐकूच येत नव्हता. दुखणं आहे तिथेच आहे, फक्त ऐकू येत नाही."

नागोजीरावांनी हलक्या हाताने मुलीच्या कानांवरचे हेडफोन काढले. माइक बंद केला. "आता म्हण बघू."

ती गायला लागली. दुसऱ्याच शब्दाला आवाज चिरकला, मग नुसती हवा आली, मग तीही नाही. तिने गळ्यावर हात ठेवला आणि अप्पांकडे पाहिलं. इतके महिने या घोगऱ्या गळ्याला त्यांनीच रोज राबवलं होतं. नागोजीरावांना स्वामींपेक्षा स्वतःचाच जास्त संताप आला.

स्वामी मागच्या दाराने सटकले. पण खरी गोष्ट पुढेच आहे. एक बाई अनुरागला हळूच विचारत होती, "ते सॉफ्टवेअर कुठं मिळतं? रेकॉर्डिंग तरी चांगलं येतं की."

"घ्या की खुशाल," अनुराग म्हणाला. "खोटा आवाज काढायला ते उत्तमच आहे. औषध म्हणून घेऊ नका, एवढंच."

सोमवारी डॉक्टरांनी कॅमेरा घातला. पडद्यावर स्वरतंतूवर एक गाठ दिसली, तीही चांगली वाढलेली. कापून काढायची, तुकडा तपासायला पाठवायचा, तोवर एक शब्द बोलायचा नाही. गाता येईल का? तपासणीनंतर सांगू. डॉक्टरांनी विचारलं, "त्रास कधीपासून?" नागोजीरावांनी सांगितलं. "मग एवढे दिवस कुठे होता?"

ते गप्प राहिले. शेजारी यशस्विनीही गप्प होती, पण तिला निदान डॉक्टरांचा हुकूम होता.

मंडळी, माइक हवा तो घ्या, सॉफ्टवेअर हवं ते घाला. पण यंत्राने जे झाकलं ते बरं झालं असं समजू नका. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, तर स्वामीच्या दारी जाऊ नका, देवीला कोड्यात टाकू नका, डॉक्टरकडे जा. आणि घरचं माणूस "दुखतंय" म्हणालं, तर स्पीकरकडे नको, त्याच्याकडे कान द्या.