न दिसलेला चांद

गैबीसाब टेम्पोवाल्यांनी लेकीचं कौतुक सांगून सांगून अख्ख्या गल्लीचे कान किटवले होते. "आमची समरा जगाच्या सुरुवातीचा उजेड तपासती. आभाळात न दिसनारा माल भरलाय म्हनं, त्यो हुडकनार हाय!" बापाचं तोंड ते, त्याला कोण कुलूप लावणार?

आणि समरा पुण्याहून ईदला सोलापूरला आली ती तोंड पाडून. डोळ्यांना न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचे कण एकमेकांवर आदळून नष्ट होत असतील, तर त्यातून निघणाऱ्या ऊर्जेनं त्या आद्य उजेडातले बारीक ठिपके जरा पुसट व्हायला हवे होते. तिनं पाच वर्षं तपासलं. ठिपके जिथल्या तिथं, लख्ख. पीएचडीचे गाईड म्हणाले, हाच निकाल, लिहून टाक. पण अब्बांना काय सांगायचं? गल्ली त्यांना हसेल, म्हणून तिनं घरात अजून काही सांगितलंच नव्हतं.

एकोणतिसावा रोजा सोडून दोघं गच्चीवर गेली. ईदचा चांद बघून मशिदीला कळवायचं काम गैबीसाबांचं, कैक वर्षांचं. यंदा डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

"तूच बघ बेटा. माझं काय खरं न्हाय."

मावळतीला ढगाचा मागमूस नव्हता. गिरणीच्या धुराड्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत समरानं आभाळ विंचरून काढलं. पुन्हा काढलं.

"न्हाई दिसला, अब्बा."

"नीट बघितलीस?"

"व्हय."

गैबीसाबांनी लगेच फोन लावला. "सलाम मौलाना. आमच्या गच्चीवरनं न्हाई दिसला. समरानं बघितलंय. आभाळ साफ हाय." फोन खिशात टाकून म्हणाले, "चला, उद्या तिसावा रोजा. ईद परवा."

"एवढंच?"

"मग? साफ आभाळात नीट बघून न्हाई म्हनलं, की झालं. त्यावर उद्या सगळी गल्ली उपाशी राहती."

समरा मटकन कठड्यापाशी बसली. तिला रडूच फुटलं. "अब्बा, माझंबी असंच झालंय. एवढी वर्षं बघितलं, काईच न्हाई दिसलं."

गैबीसाबांनी चाचपत तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आभाळ साफ होतं?"

"लई साफ."

"मग कळव की! रडतीस कशाला, येडे?"

खाली उतरताना शेजारच्या हारूननं जिन्यातच गाठलं. "काय चाचा, लेकीला घावला का त्यो माल?"

समरा पायरीवरच थबकली.

"न्हाई घावला," गैबीसाब छाती फुगवून म्हणाले. "आमच्या समरानं बघितलंय."