खांबामागच्या सहा खुर्च्या

“मावशी, तू खरी डॉक्टर आहेस की नुसती खुर्च्यावाली बाई?”

हा प्रश्न माझा नाही, आधीच सांगून टाकते. तो चिमटीचा. चिमटी म्हणजे माझ्या बाकावरची मैत्रीण, तिला दुसऱ्याला डिवचल्याशिवाय डबा पचत नाही. आमच्या शाळेत एक दिवस वेगवेगळ्या कामांतली माणसं बोलायला आली होती. अग्निशमन दलाचे काका खरीखुरी नळी घेऊन आले. माझी मावशी काय घेऊन आली? हॉस्पिटलच्या इमर्जन्सीबाहेर लोक थांबतात त्या हॉलचा नकाशा! वीस मिनिटं ती खुर्च्या, दारं आणि रांगा यांवर बोलली. ना रक्त, ना टाके. अख्खा वर्ग हिरमुसला.

“तिला इमर्जन्सीतून काढलं असणार,” मधल्या सुट्टीत चिमटी म्हणाली. “विचारून दाखव. हिंमत असेल तर.”

गेल्या वर्षीची मी असते तर पोटात दुखतंय म्हणून घरी गेले असते. पण यंदाची मी वेगळी आहे. यंदा वक्तृत्वात माझा दुसरा नंबर आला. (स्पर्धेत तिघीच होत्या, पण ते असो.)

तर मी विचारलं. मावशी आमच्या स्वयंपाकघरात चहा पीत होती. आईने माझ्याकडे असे डोळे वटारले की मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. मावशी मात्र ठसका लागेपर्यंत हसली.

“दोन्ही आहे गं. आठवड्यातले दोन दिवस पेशंट बघते, चार दिवस खुर्च्या.”

“पण का? टाके घालायचं सोडून खुर्च्या?”

तिने कप खाली ठेवला. “बारा वर्षं मी आतच होते. समोर येईल त्याला जीव ओतून बघायचे. एकदा एका आजींना आत आणलं तेव्हा कळलं, त्या चार तास बाहेर बसल्या होत्या. त्या बोलल्या नाहीत म्हणून. आणि ज्यांनी काउंटरवर आरडाओरडा केला ते आधी आत आले. मी आत कितीही हुशार असले तरी दार कोणासाठी आधी उघडतं ते माझ्या हातात नव्हतं. मग म्हटलं, दारच हातात घेऊ.”

“आणि घेतलंस?”

“घेतलंय खरं. पण शुक्रवारी काढून घेतील बहुतेक.”

मग तिने सांगितलं ते असं. तीन महिन्यांपूर्वी तिने ‘फेरी’ सुरू केली होती. दर वीस मिनिटांनी एका सिस्टरने हॉलमधून फिरायचं आणि थांबलेल्या प्रत्येकाला विचारायचं, आता कसं वाटतंय? ज्याची तब्येत बिघडली असेल त्याला पुढे घ्यायचं, मग तो ओरडो की गप्प बसो. पण तीन महिन्यांनीही बाहेर बसल्या बसल्या तब्येत बिघडलेल्यांचा आकडा तेवढाच राहिला होता. शुक्रवारी मोठ्या साहेबांची मीटिंग होती आणि त्यात फेरी बंद होणार होती.

“असं कसं? फेरी तर चांगली आहे!”

“चांगली वाटते. पण उपयोग होत नाही, आणि का होत नाही ते मला सापडत नाहीये. तुला सुट्टीच आहे ना? ये आणि बसून बघ. मी गेले की सगळे ताठ होतात.”

सोमवारी मी हॉलमध्ये हजर! गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला, हातात वही. नियम कडक होते. कुणाचं नाव लिहायचं नाही, आजार विचारायचा नाही. फक्त खुर्चीचा नंबर आणि वेळ. आणि कुणी फार आजारी दिसलं तर धावत सिस्टरकडे.

पहिल्या दिवशी मी इतकी कंटाळले की छताच्या फरशा मोजल्या. दारावरच्या वॉचमनकाकांनी विचारलं, “काय ताई, परीक्षेचा अभ्यास का?” मी म्हटलं, “खुर्च्यांचा अभ्यास.” ते म्हणाले, “मग पास होशील. खुर्च्या पळून जात नाहीत.”

बुधवारपर्यंत माझं आणि मोठ्या सिस्टरचं चांगलं गूळपीठ जमलं. त्यांची फेरी घड्याळासारखी. काउंटरपासून निघायचं, प्रत्येकाजवळ वाकून विचारायचं, पाण्याच्या यंत्रापाशी वळायचं, दुसऱ्या रांगेने परत. एकदाही चुकल्या नाहीत. माझ्या वहीत सगळ्या खुर्च्यांसमोर बरोबरच्या खुणा. सगळ्या म्हणजे, मला दिसत होत्या त्या सगळ्या.

गुरुवारी पाण्याची बाटली भरायला उठले, तेव्हा दिसलं. यंत्राला लागून जाडजूड खांब आहे आणि त्या खांबामागे आणखी सहा खुर्च्या! चार दिवस मी इथे बसतेय आणि मला पत्ता नाही. तिथे तिघं बसले होते. कडेला रंगारी दादा, कपड्यांवर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे, पोटाशी हात घट्ट धरून.

“दादा, तुम्ही इथे मागे का बसलात? पुढे जागा आहे की.”

“कपडे मळलेत ना, बाळ. पुढे बसलो तर लोक सरकून बसतात. इथे बरं.”

“कधी आलात?”

“झाला असेल तास, सव्वा तास.”

“मध्ये कुणी विचारायला आलं?”

त्यांनी मान हलवली. नाही. मग डोळे मिटले, आणि त्यांचा चेहरा बघता बघता राखेसारखा झाला. कपाळावर घाम.

मी धावले. आयुष्यात शंभर मीटर इतक्या जोरात पळाले नसेन. मोठ्या सिस्टर आल्या, नाडी बघितली, ओरडून स्ट्रेचर मागवलं. दोन मिनिटांत दादा आत. संध्याकाळी कळलं, अपेंडिक्स होतं, फुटायच्या बेतात. ऑपरेशन झालं, दादा ठीक आहेत.

पण सिस्टर खांबापाशीच उभ्या होत्या. “मी आत्ताच फेरी मारली की गं,” त्या म्हणाल्या. “मी कुणालाच सोडलं नाही.”

खरं होतं ते. काउंटरवरून, आणि सिस्टर यंत्राच्या अलीकडे वळतात तिथूनही, खांबामागचं दिसतच नाही. मग मी उरलेला सगळा दिवस फक्त त्या सहा खुर्च्या बघितल्या. अकरा जण बसून गेले. मळक्या कपड्यांचे, हातात झाडू-बादलीची पिशवी असलेले, ज्यांना इथली भाषा नीट येत नव्हती असे. आज सिस्टर मुद्दाम मागे जाऊन विचारत होत्या, पण फेरीच्या नेहमीच्या वाटेवर त्यांतले शून्य जण येत होते.

एक गोष्ट मात्र मला गिळता येईना. मावशीच्या नकाशावर त्या सहा खुर्च्यांभोवती लाल गोल होता. शाळेत तिने ऐटीत सांगितलं होतं, “या मी वाढवल्या. सहा माणसं जास्त बसतात.”

तिच्या खोलीत जाऊन मी वही पुढे केली आणि आधी नुसतं मोठ्या सिस्टरचं कौतुक करत बसले. वक्तृत्वातला दुसरा नंबर गेला कुठे कोण जाणे. शेवटी एका दमात बोलून टाकलं. “मावशी, चूक तुझ्या खुर्च्यांची आहे.”

तिने वही वाचली. पुन्हा वाचली. मग कपाळावर हात मारला. “मी रिकाम्या हॉलमध्ये खुर्च्या लावल्या गं. रविवारी. त्यांच्यात कोण जाऊन बसेल याचा विचारच केला नाही.” तिने वही मिटून माझ्या हातात दिली. “उद्या मीटिंगला तू येतेस. जे मला सांगितलंस तेच तिथे सांगायचं.”

शुक्रवारी लांबलचक टेबल, नऊ मोठी माणसं. साहेब चष्मा पुसत म्हणाले, “डॉक्टर, हेतू चांगला होता. पण आकडे काही हलले नाहीत.”

“आकडे बरोबरच आहेत,” मावशी म्हणाली. “फेरी अख्ख्या हॉलमध्ये होतच नव्हती. सिस्टरचा दोष नाही. खुर्च्या मी लावल्या, चूक माझी. बाकीचं ही सांगेल.”

मी उभी राहिले. वही उघडली.

“खांबामागे किती जण बसले?” साहेबांनी विचारलं.

“अकरा.”

“आणि नेहमीच्या फेरीत विचारायचं राहिलं असतं किती जणांना?”

“अकरा जणांना. आणि सर, ते तिथे चुकून बसत नाहीत. आपण पुढे बसलेलं कुणाला आवडणार नाही असं त्यांना वाटतं, म्हणून बसतात.”

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “आणखी दोन महिने,” ते म्हणाले. “पण खुर्च्या आजच हलल्या पाहिजेत.”

दुपारी वॉचमनकाका आणि मी त्या खुर्च्या ओढून काउंटरच्या अगदी समोर लावल्या. “पळाल्या की गं खुर्च्या,” काका धापा टाकत म्हणाले. मोठ्या सिस्टर स्वतः एकेका खुर्चीत बसल्या आणि काउंटर दिसतं का ते बघून उठल्या.

घरी आले तर फ्रिजवर माझा अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज होता. दोन महिने तसाच, चुंबकाखाली. विषय कोणते, या रकान्यासमोर बाबांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं, कारण मी दर वेळी म्हणायचे, “तुम्हीच ठरवा, मला काहीही चालेल.”

मी अर्ज काढला, खोडरबराने प्रश्नचिन्ह पुसलं आणि पेनाने भरला. आई पोळ्या लाटता लाटता थांबली. बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

“आई, बाबा, दोघंही ऐका. मला काहीही चालणार नाही. मी विज्ञान घेतेय. मी डॉक्टर होणार, इमर्जन्सीची. आणि टाके घालायला शिकले की मग खुर्च्यावाली बाई होणार. चिमटीला मी सांगेन, तुम्ही फक्त सही करा.”