सुपारीच्या कप्प्यातल्या सहा गोळ्या

२०२२ सालची गोष्ट. नारळी पौर्णिमा झाली होती, होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या होत्या. आमचा सुदेश मात्र खाटेवर होता.

मित्रांनो, मी एक जुना पितळी पानाचा डबा आहे. तुळसाबाई लग्न होऊन मसुऱ्याहून किनाऱ्यावर आली, तेव्हा तिच्यासोबत मीही आलो. तेव्हा पाहुणा टेकला की मला पुढे सरकवत आणि झाकणावरच्या मोराचं कौतुक होई. पुढे तुळसाबाईचे दात गेले, पान सुटलं. मी तिच्या उशाशी पडून सगळ्यांकडे संशयाने बघू लागलो.

तिच्या मुलाला, सुदेशला, एचआयव्हीची लागण झाली होती. घराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं. इस्पितळातून औषध नुकतंच सुरू झालं होतं: रोज दिवेलागणीला एक गोळी, तीही आईच्याच हातून. तीन आठवडे बरे गेले. मग ताप चढला आणि मानेवर लिंबाएवढी गाठ आली.

"औषधाआदी खंय होती ही गाठ?" तुळसाबाई पुटपुटली. मलाही तिचं पटलं.

ती मला पिशवीत घालून ग्रामदेवतेच्या देवळात गेली. गुरवाने पाषाणाला पाकळ्या लावून कौल मागितला. "महाराजा, ह्या औषध माझ्या झिलाक बाधता काय?" उजवी पाकळी पडली. म्हणजे होय!

त्या दिवसापासून खरी गोळी माझ्या सुपारीच्या कप्प्यात आणि सुदेशच्या तोंडात तुळसाबाईच्या गुडघ्यांची कॅल्शियमची गोळी. मला वाटलं, मी पोराची राखण करतोय.

सुदेशच्या बायकोला, भक्तीला, वास लागला. सासू पान खात नाही, मग डबा का सोडत नाही?

"आये, डबो दाखवा."

"काय बघतंस गो? माझो चंद्रहार?"

"त्याच्यापेक्षा म्हाग आसतला काय तरी."

झाकण उघडलं. सहा गोळ्या निघाल्या.

तिने नवऱ्याला, सासूला आणि मला रिक्षात घालून इस्पितळात नेलं. डॉक्टर रागावले नाहीत. तपासण्या झाल्यावर म्हणाले, "मावशी, सुदेशच्या अंगात क्षयाचे जंतू आधीच लपले होते. प्रतिकारशक्तीच थकलेली, म्हणून गडबड नव्हती. या गोळीने ती जागी झाली आणि त्यांच्यावर तुटून पडली. गाठ त्या झटापटीची आहे. क्षयाची औषधं देतो. पण ही गोळी थांबवलीत, तर मुलगा हातचा जाईल."

"मगे देव खोटो बोललो?"

"देव खरोच बोललो," भक्ती म्हणाली. "बाधता काय, ता इचारलात. बंद करू काय, ता खंय इचारलात?"

त्या दिवेलागणीला तुळसाबाईने सुदेशला पुन्हा खरी गोळी दिली. माझा सुपारीचा कप्पा रिकामाच राहिला.

गाठ जिरायला चार महिने लागले. सुदेश आता होडीवर जातो. भक्तीच्या तपासणीत एचआयव्हीची लागण निघाली नाही. ती अंगणवाडीत काम करते. तुळसाबाई गेल्या वर्षी गेली. शेवटपर्यंत ती रोज संशयाने विचारी, "गिळलंस मां? जीभ दाखव!"

मित्रांनो, औषधाचा संशय आला तर तो माझ्यासारख्याच्या पोटात दडवू नका. ज्याने औषध दिलं, त्याच्यापुढे उघडा करा.

सुपारीच्या कप्प्यात आता सुदेशच्या गोळ्या राहतात. दिवेलागणीला तो एक घेतो, गिळतो आणि माझ्या मोरासमोर जीभ काढून दाखवतो.