व्हेरेनाने दिलेली हिट

रेडिओवर एकतीस वर्षं बडबड करणाऱ्या माणसाला बोलता येत नाही, असं सांगितलं तर आमच्या गावातली माणसं हसतील. पण माझी बायको जॉइस हेच म्हणायची. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी ती सेंट पॉलला बहिणीकडे गेली ती तिकडचीच झाली. जाताना म्हणाली, "लॅम्बर्ट, स्टुडिओतला दिवा विझला की तूही विझतोस." मला राग आला नाही, कारण ते खरंच होतं. मी फक्त तिला विचारलं, गाडीच्या खिडक्या लावू का.

आमचं स्टेशन लहान. पशुखाद्याच्या दुकानाच्या माडीवर दोन खोल्या. सकाळी सहापासून मी हवामान सांगतो, शाळेत आज जेवायला काय आहे ते सांगतो, कोण गेलं आणि प्रार्थना कुठल्या चर्चमध्ये आहे ते सांगतो, आणि मधल्या वेळात पोल्का नाचाच्या रेकॉर्डी वाजवतो. इथली म्हातारी जर्मन माणसं पोल्का लागला नाही तर गायीसुद्धा दूध देत नाहीत असं मानतात. उन्हाळ्यात दर रविवारी दुपारी गावच्या टीमची बेसबॉलची मॅच मी मैदानावरून सांगतो. डाव्या कुंपणापलीकडे मक्याचं शेत, उजवीकडे चर्च, आणि मागे प्लायवूडची एक खोपटी. त्या खोपटीत मी आणि व्हेरेना.

व्हेरेना टर्वे आमच्या टीमची स्कोअरर. एकोणीस वर्षं ती माझ्या डाव्या हाताला बसली. भाजी चिरायच्या सुरीने पेन्सिलींना टोकं करायची, अंड्याचं सँडविच आणायची, अर्धं न विचारता माझ्यापुढे सरकवायची. पहिली आठ वर्षं तिचा नवरा नॉर्बर्ट खाली मैदानात टीमकडून पहिल्या बेसवर खेळायचा. मग एका मार्चमध्ये तो छातीत कळ येऊन गेला, आणि मेच्या पहिल्या रविवारी व्हेरेना नेहमीसारखी पेन्सिली घेऊन हजर. नॉर्बर्ट असताना माझ्या मनात काही नव्हतं, असं मी स्वतःला सांगतो. तो गेल्यावर अकरा वर्षं मात्र होतं. तिच्यावर माझं प्रेम होतं. एवढं साधं वाक्य लिहायलाही मला आज सकाळपासून दुपार झाली.

बोललो का नाही, तर त्यालाही आमच्याकडे एक कारण आहे, आणि मी त्याच्या आड छान लपलो. समोरच्या टीमला आमच्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, एकही हिट मारू दिली नसेल, फटका मारून कोणी बेसवर पोचलंच नसेल, आणि चार-पाच इनिंग तशाच गेल्या असतील, तर ते कोणी तोंडातून काढायचं नाही. दृष्ट लागते. टीममधली पोरं पिचरच्या शेजारी बसत नाहीत, त्याच्याशी बोलत नाहीत. मीसुद्धा रेडिओवर आडून आडून सांगतो, ऐकणारे समजतात. चांगलं चाललंय ना, मग गप्प बसा. व्हेरेनाच्या बाबतीत मी तेच केलं. दर रविवारी अर्धं सँडविच मिळत होतं. नाव घेतलं आणि तेही बंद झालं तर?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑगस्टमधला शेवटचा सामना. मॅच सुरू व्हायच्या आधी व्हेरेना वहीत नावं लिहिता लिहिता म्हणाली, "मार्लिस मंगळवारी येतेय."

मार्लिस तिची मुलगी. ॲरिझोनात असते, तिकडे डोकं तापवणाऱ्या उन्हात.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दिवस नाही. मला न्यायला येतेय. तिच्याकडेच राहा म्हणते कायमची."

"आणि तू काय म्हणालीस?"

"अजून काहीच नाही." तिने पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे तोंड केलं. "लॅम्बर्ट, तुला काय वाटतं? जाऊ का नको?"

याहून सोपा चेंडू माझ्याकडे आयुष्यात कोणी टाकला नव्हता. मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणालो, "मॅच संपली की बोलू."

"बरं," ती म्हणाली, आणि सँडविच सरकवलं.

त्या दिवशी आमच्याकडून चेंडू टाकत होता डुएन. ग्रॅनाइटच्या खाणीत काम करणारा चोवीस वर्षांचा गडी, खांदे दरवाज्याएवढे. पहिल्या इनिंगपासून समोरच्यांना चेंडू दिसतच नव्हता. नऊपैकी पाचव्या इनिंगला मैदान शांत व्हायला लागलं. सातव्याला पोरं डुएनपासून दूर जाऊन बसली. गावाच्या इतिहासात असा बिनहिटचा सामना कोणी टाकलेला नव्हता, आणि चारशे माणसं तोंडात बिअर धरून गप्प होती. मीही गप्प होतो, म्हणजे बडबडत होतो पण ते सोडून. आणि मनात दुसरंच चाललं होतं. आठवी इनिंग संपली की एकच उरली. मग बोलायचं. काय बोलायचं? राहा. एवढाच तर शब्द.

आठव्या इनिंगला दोघं बाद झाल्यावर समोरच्या बॅटरने सणसणीत फटका मारला, जमिनीलगत, तिसऱ्या बेसकडे. तिथला आमचा लिओ वाकला, चेंडू त्याच्या हातमोज्याला चाटून गवतात गेला. बॅटर पहिल्या बेसवर पोचला.

सगळं मैदान मागे वळून आमच्या खोपटीकडे बघायला लागलं. कारण आता ठरवायचं होतं व्हेरेनाने. लिओकडून सुटला म्हणजे लिओची चूक, आणि डुएनचा सामना शाबूत. किंवा फटकाच तेवढा जोरदार, म्हणजे हिट, आणि सगळं गेलं. गावच्या टीमचा स्कोअरर अशा वेळी काय लिहितो हे शेंबडं पोरही सांगेल.

व्हेरेनाने क्षणभर डोळे मिटले, मग वहीत लिहिलं. "हिट," ती मला म्हणाली.

निर्णय सांगायचं काम माझं. माईक चालू, आवाज मैदानातल्या भोंग्यावरही जाणारा. मी म्हणालो, "स्कोअररने हिट दिलेली आहे." तिथे थांबायचं होतं. पण खालून हुर्यो उठली, आणि मी पुढे बोललो, "मी असतो तर चूक धरली असती."

एकोणीस वर्षांत मी पहिल्यांदा माईकवर स्वतःचं मत सांगितलं, आणि तेही तिच्या विरुद्ध.

खाली टाळ्या पडल्या, माझ्यासाठी. कोणीतरी ओरडलं, "व्हेरेना, चष्मा बदल!" दुसरा म्हणाला, "चष्मा कशाला, गावच बदल!" लोक हसले. मला दहा सेकंद फार बरं वाटलं. नंतर मी डावीकडे बघितलं. ती पुढच्या बॅटरचं नाव लिहीत होती, हात जराही न हलता. फक्त मान लाल झाली होती.

मॅच आम्ही तीन शून्यने जिंकलो. व्हेरेनाने वही बंद करून मॅनेजर अल्फच्या हातात दिली. "पुढच्या स्कोअररला वाचता येईल असं लिहिलंय," ती म्हणाली.

"व्हेरेना," मी म्हणालो, "मॅच संपल्यावर आपण बोलणार होतो."

"बोललास की. सगळ्यांनी ऐकलं."

सोमवारी कॅफेत माझी पाठ थोपटून थोपटून लाल झाली. मंगळवारी सकाळी, कार्यक्रम चालू असताना, डुएन जिना चढून स्टुडिओत आला. अंगावर खाणीतली धूळ. रेकॉर्ड लागलेली होती म्हणून बोलता येत होतं.

"ती हिट होती," तो म्हणाला.

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? चेंडू मीच टाकला ना. बॅटवर बसला तेव्हाच मला कळलं, हा गेला. लिओला चार हात असते तरी सापडला नसता." त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "व्हेरेनाबाईंना लोक उगाच बोलतायत. मला लाज वाटते, लॅम्बर्ट. खोटा सामना नावावर घेऊन मी काय करणार होतो?"

"मग जाऊन सांग तिला."

"मी सांगू? माईक तुझ्याकडे आहे लेका!"

दुपारी मी तिच्या घरी गेलो. दार मार्लिसने उघडलं. तिने मला वरपासून खालपर्यंत असं पाहिलं की मी पाय दोनदा पुसले. स्वयंपाकघरात खोकी भरलेली होती. व्हेरेना वर्तमानपत्रात बशा गुंडाळत होती.

"हिट होती," मी म्हणालो.

"मला माहीत आहे."

"माझं चुकलं."

"हे इथे सांगतोस होय? त्या दिवशी चारशे माणसं होती, वर सगळा जिल्हा ऐकत होता. इथे फक्त बशा आहेत."

"उद्या सकाळी रेडिओवर सांगतो. शब्द दिला."

तिने आणखी एक बशी गुंडाळली. मग हात थांबवून म्हणाली, "आम्ही सातला निघू. गाडीत तुझंच स्टेशन लावीन. घराचं अजून काही केलेलं नाही, लॅम्बर्ट. खोकी परत उघडता येतात. आणखी काही सांगायचं असेल, तर तेही सांग. मार्लिस गाडी वळवेल. ती कुरकुर करेल, पण वळवेल."

मी मान हलवली. तिथेच सांगायला काय झालं होतं, असं तुम्ही विचाराल. मार्लिस दारात उभी होती, खोकी मध्ये होती, आणि मी मी होतो.

बुधवारी सहाला मी माईकसमोर बसलो. सव्वासातला मी सांगितलं. रविवारची ती हिट होती, व्हेरेना टर्वे यांचा निर्णय बरोबर होता, मी टाळ्यांसाठी बोललो आणि मला त्याची लाज वाटते. हे झालं. आता दुसरं.

आमच्या स्टेशनची ताकद किती ते मला पाठ आहे. दक्षिणेला नदीचा पूल ओलांडला की आधी खरखर येते, दोन मैलांवर आम्ही संपतो. सातला निघालेली गाडी पुलावर पोचणार आठला दहा मिनिटं कमी असताना. मी पोल्का लावला. तो संपल्यावर म्हटलं आता, आणि शाळेचं जेवण सांगितलं. मग एक जाहिरात. मग एका आजीबाईंना नव्वदाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. आठला दहा कमी. माझा हात बटणावर होता आणि मी दुसरा पोल्का लावला. तो लांबलचक निघाला, मी तो मुद्दाम काढला होता. काटा पुढे सरकला तसा माझ्या छातीवरचा दगड हलका होत गेला. हे कबूल करायला फार वाईट वाटतं, पण तसंच झालं.

आठ वाजून पाच मिनिटांनी मी बोललो. सगळं बोललो. अकरा वर्षं, अर्धं सँडविच, जाऊ नकोस, राहा, माझ्यापाशी राहा, माझं तुझ्यावर प्रेम आहे. इतकं स्वच्छ मी कधी बोललो नव्हतो. ती ऐकणार नाही हे माहीत होतं म्हणून बोलता आलं.

फोन वाजायला लागला. कॅफेतून सगळे एकदम ओरडत होते. अल्फ म्हणाला, "अरे मर्दा, अकरा वर्षं लागली!" एक बाई नुसतीच रडली. चौथा फोन पुलाच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावरून होता. पंपवाला रुडी, अबोल माणूस, कधी फोन न करणारा.

"लॅम्बर्ट, तू आत्ता हे काय बोललास?" तो म्हणाला. "ती इथेच होती की."

"कोण?"

"व्हेरेना. पावणेआठ वाजल्यापासून. पेट्रोल भरून झालं तरी गाडी हलेना. मी विचारलं, काही बिघाड आहे का? तर म्हणाली, नाही, रेडिओ ऐकतेय. मुलगी सारखी घड्याळ दाखवत होती. आठ वाजल्यावर म्हातारी म्हणाली, चल आता. नुकत्याच गेल्या."

"नुकत्याच म्हणजे?"

"दहा मिनिटं झाली. तू आधीच का नाही रे बोललास?"

माझी मोटार खाली उभी होती. मी निघालो असतो तर कदाचित गाठलीही असती, त्यांना जेवायला कुठेतरी थांबावंच लागलं असतं. पण त्यासाठी तिच्यासमोर उभं राहून तेच पुन्हा बोलावं लागलं असतं. मी रुडीचे आभार मानले, फोन ठेवला, आणि सव्वाआठचं हवामान वाचायला घेतलं.