पांघरूण काढ

“बाबा, आत्ता नको ना,” असं म्हणत मुलीने लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला.

तपासनीसांनी स्क्रीनकडे नेलेला डावा हात मागे घेतला. उजवा मांडीवर पडून होता. अर्धांगाच्या झटक्यानंतर तो तसाच पडून असे.

मुलगी घरोघरी परिचारिका पाठवणाऱ्या एका संस्थेत कामाला होती. कुणाची जखम बांधायची, कुणाला इन्सुलिन द्यायचं, कुणाची नळी बदलायची, हे सगळं एका ऑनलाइन शीटमध्ये असे. रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर बसून ती शीट उघडायची, कोणत्या रुग्णाकडे कोण जाणार ते नजरेखालून घालायची आणि परिचारिकांना निघायला सांगायची. आज परिचारिकांच्या नावांचा अख्खा कॉलम पांढराफटक होता. सगळ्यात वरच्या चौकटीत तेवढी एक एरर आणि कोपऱ्यात लाल खूण. रुग्ण होते, कामं होती, जाणार कोण ते मात्र गायब.

फोनवर ऑफिसातला नवा सहकारी होता. “मी काहीच केलं नाही हो,” तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

“कुणीच काही करत नाही. शीट आपोआप बिघडते,” मुलगी म्हणाली.

“कालची प्रत परत आणू का?”

“आणलीस तर रात्रपाळीच्या सिस्टरनी भरलेलं सगळं जाईल. हात लावू नकोस. सगळ्या जणी निघायच्या खोळंबल्यात, मला जरा विचार करू दे.”

पण काही सुचत नव्हतं. कॉलमात नावं भरणारा फॉर्म्युला ती पुसायची, पुन्हा चिकटवायची, पान नव्याने उघडायची आणि ती लाल खूण जिथल्या तिथे.

तपासनीस हे काही त्यांचं नाव नव्हतं, हुद्दाही नव्हता. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते पाळ्या लावणारे साधे कारकून. कचेरीत कागद जाऊन शीट आल्या, तेव्हा बाकीचे कुरकुरले आणि हे रमले. कुणाची शीट बिघडली की लोक म्हणत, तपासनीसांना बोलवा. ते यायचे, चष्मा पुसायचे आणि आलेली एरर मोठ्याने वाचायचे. “ही शिवी नाही,” ते सांगायचे, “हा पत्ता आहे. बिघाड कुठे राहतो ते लिहिलंय. वाचायच्या आधीच घाबरता कशाला?” निवृत्तीनंतरही त्यांना फोन येत. झटका आला आणि फोन थांबले.

शब्द हरवले होते. म्हणजे डोक्यात असत, पण तोंडापर्यंत येताना वाट चुकत. चष्मा हवा असला की तोंडातून ‘कंगवा’ बाहेर पडे. बायको धावत जाऊन कंगवा आणी, आणि ते निमूटपणे केस विंचरत. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडून दिलं. कुणी भेटायला आलं, “कसं वाटतंय?” विचारलं, की बायकोच सांगे, “बरं आहे हो आता त्यांना.” तिच्या जिवाची घालमेल तिलाच ठाऊक. पण माणसाचं उत्तर दुसऱ्याने द्यायची एकदा सवय पडली, की लोक प्रश्नही दुसऱ्यालाच विचारू लागतात.

मुलीने डोक्याला हात लावला. तेवढ्यात तिला शेजारून आवाज आला.

“वाच.”

तिने वळून पाहिलं. बाबांचं बोट लाल खुणेकडे होतं.

“वाच,” ते पुन्हा म्हणाले. शब्द थोडा घसरला, पण चुकला नव्हता.

तिने त्या चौकटीवर कर्सर नेला. बारीक अक्षरांतला एक मजकूर उघडला. सकाळपासून तो तिथेच होता, तिने पाहिला नव्हता. फॉर्म्युल्याचं उत्तर खालपर्यंत पसरायला हवं, पण वाटेतल्या एका चौकटीत आधीच काहीतरी लिहिलेलं आहे, असं त्यात होतं. कोणती चौकट तेही सांगितलं होतं. ती खाली गेली. चौकट रिकामीच दिसत होती. तिने आत क्लिक केलं.

“स्पेस आहे, बाबा. कुणीतरी नुसती एक स्पेस दाबून ठेवलीये.”

तिने ती पुसली. वरून खालपर्यंत नावं सरसर भरत गेली. मुलीचा जीव भांड्यात पडला. तिने धडाधड निरोप पाठवले आणि सहकाऱ्याला म्हणाली, “सुटलं. सगळ्या निघाल्या.” मग बाबांच्या खांद्यावर हात ठेवून हसली. “अजून तपासनीसच आहात की.”

ते हसले नाहीत. त्यांची नजर स्क्रीनवरून हलेना. नावांच्या अधूनमधून ‘सुट्टी’ असा शब्द होता. ज्या रुग्णाकडे आज कुणी जायचं नसे, त्याच्यापुढे तो येई. त्यात नवल काहीच नव्हतं. पण रुग्णांच्या कोड नंबरांचा कॉलम त्यांना खुपत होता. सगळे आकडे चौकटीच्या उजव्या कडेला टेकून उभे होते, आणि मधेच चार कोड डाव्या कडेला.

“पांघरूण,” ते म्हणाले.

“थंडी वाजतेय का त्यांना?” बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं आणि शाल आणून त्यांच्या अंगावर घातलीसुद्धा.

त्यांनी ती डाव्या हाताने ओढून खाली टाकली.

“अहो, तुम्हीच तर म्हणालात,” बायको दुखावून म्हणाली.

“पांघरूण. काढ.” ते पुन्हा म्हणाले. “काढ ना.”

“काढलं, बाबा. पडलीये खाली शाल.”

त्यांनी टेबलावर तळहात आपटला. डोळ्यांत पाणी आलं. एरवी अशा वेळी ते मान फिरवत आणि मग दिवसभर भिंतीकडे बघत बसत. आजही मान फिरलीच. पण पुन्हा स्क्रीनकडे वळली.

मुलीने फोन उलटा ठेवला आणि खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. “मी अंदाज करत नाही आता. तुम्ही दाखवा. कितीही वेळ लागू दे.”

त्यांचं बोट वर गेलं, फॉर्म्युल्यापाशी थांबलं. सुरुवातीच्या शब्दावर त्यांनी नख टेकवलं. तिने वाचलं. एरर आली तर ती दाखवू नकोस, तिच्या जागी ‘सुट्टी’ लिही, असा त्याचा अर्थ होता.

“हे पांघरूण!” मुलगी म्हणाली. मग तिने फोन उचलला. “हे एररच्या जागी सुट्टी कुणी घातलं?”

“मीच, परवा,” सहकारी म्हणाला. “सगळीकडे लाल लाल वाईट दिसत होतं, म्हणून म्हटलं जरा नीट दिसावं. का हो?”

तिने फॉर्म्युल्यातला तो भाग काढून टाकला. खरी सुट्टी होती तिथे सुट्टी राहिली. आणि चार ठिकाणी लाल एरर उघड्या पडल्या, नेमक्या त्या डावीकडे टेकलेल्या चार कोडसमोर.

“डावी,” तपासनीस म्हणाले. “डावी... अक्षर. आकडा नाही.”

आता तिला कळलं. हे चार नवे रुग्ण होते. इस्पितळाच्या यादीतून त्यांचे कोड उचलून इथे चिकटवले होते. दिसायला आकडे, पण शीट त्यांना मजकूर समजत होती, म्हणून ते डावीकडे टेकले होते आणि कोण कुणाकडे जाणार त्या नेमणुकांच्या यादीत शीटला सापडतच नव्हते. तिने त्या चौकटी संख्येच्या केल्या आणि कोड पुन्हा टाइप केले. एकेक करून आकडे उजवीकडे सरकले आणि समोर नावं आली. त्यांतल्या चौथ्या रुग्णापुढे काम लिहिलं होतं, ‘इन्सुलिन, सकाळ-संध्याकाळ. घरी एकट्या.’

तिने लगेच नंबर फिरवला. बराच वेळ वाजल्यावर एका म्हातारीने उचलला.

“आजी, सिस्टर निघतेच आहे तुमच्याकडे. काल कोणी आलं होतं का?”

“नाही गं बाई,” आजी दमलेल्या आवाजात म्हणाल्या. “परवा इस्पितळातून आले, तेव्हापासून कोणीच नाही. मला वाटलं, वेळ लागत असेल. तोंडाला नुसती कोरड पडतेय बघ.”

मुलीने सगळ्यात जवळच्या परिचारिकेला वाटेतूनच तिकडे वळवलं. मग ती फोनकडे बघत बसली. बायको शालीची घडी घालत उभी होती, ती तशीच उभी राहिली. तपासनीस तेवढे डाव्या हाताने एकेक चौकट खाली उतरत उरलेला कॉलम तपासत होते.

परिचारिकेचा फोन आला तेव्हा चहा गार झाला होता. साखर खूप चढली होती, डॉक्टरांशी बोलून इन्सुलिन दिलं, आजी शुद्धीत आहेत, बोलतायत, तिने सांगितलं. “अजून एक दिवस गेला असता तर काही खरं नव्हतं.”

मुलीने फोन ठेवला आणि बाबांचं तोंड दोन्ही हातांत धरलं. “वाचल्या,” एवढंच ती म्हणाली. तपासनीसांनी मोठ्याने श्वास सोडला आणि ते हसले. चेहऱ्याची एकच बाजू हसली, पण मनापासून. बायकोने पदराने आधी त्यांचे डोळे पुसले, मग आपले.

“मेलं ते पांघरूण,” ती म्हणाली. “आणि मी बसले शाल घालत.”

त्यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

संध्याकाळी संस्थेच्या संचालिका बाईंचा फोन आला. सकाळचा प्रकार त्यांच्या कानावर गेला होता. “आपल्या बाकीच्या शीटमध्येही असं काय काय झाकलेलं असेल, कुणास ठाऊक,” त्या मुलीला म्हणाल्या. “तुझे वडील बघून देतील का सगळ्या? रीतसर काम म्हणून. विचारशील त्यांना?”

“तुम्हीच विचारा, समोरच बसलेत,” मुलगी म्हणाली. “फक्त उत्तराला वेळ लागतो.”

तिने स्पीकर सुरू करून फोन टेबलावर ठेवला. बाईंनी त्यांना नावाने हाक मारली आणि प्रश्न पुन्हा विचारला. बायको भांडी घासत होती. तिच्या तोंडाशी आलेलं वाक्य तिने गिळलं आणि नळ बंद केला.

तपासनीस खुर्चीत सरळ बसले.

“करीन,” ते म्हणाले. “पण...”

आणि पुढचा शब्द शोधू लागले. पलीकडे बाई थांबल्या होत्या.