डुफीचे केस आणि माझा सातवा दात

मित्रांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी फणी नाही. फणी उवा काढते. मी कंगवा आहे, लाकडी, वीतभर लांब, आणि माझं वय पंचावन्न आहे. दात होते सात, आता सहा. सातवा कसा गेला ते सांगायलाच बसलो आहे, पण आधी थोडी बढाई मारू द्या. म्हाताऱ्यांना तेवढा हक्क असतो.

माझा जन्म घानामधला, कुमासीजवळच्या अहविया गावचा. तिथे घरोघरी लाकूड कोरतात. बोआडू नावाच्या तरुण कारागिराने बसायचं एक आसन कोरलं आणि उरलेल्या पांढऱ्या तुकड्यातून मला घडवलं. त्याला सेर्वा नावाची मुलगी आवडायची, पण ती समोर आली की बिचाऱ्याची दातखिळी बसायची. आमच्याकडे अशा वेळी मुलगा कंगवा देतो. त्याने मला तिच्या हातात ठेवलं आणि धूम ठोकली. सेर्वाने मला उलटसुलट करून पाहिलं, केसांत खोवलं आणि तशीच बाजारात गेली. संध्याकाळपर्यंत लग्न ठरल्याचं सगळ्या गावाला कळलं.

पुढची पंचवीस-तीस वर्षं माझ्या सुखाची होती. रविवारी चर्चहून आलं की सेर्वाच्या अंगणात बायका जमायच्या. सेर्वा स्टुलावर आणि तिच्या पायांशी जमिनीवर एकेक जण. आमच्याकडचे केस दाट आणि घट्ट कुरळे. ते खाली पडत नाहीत, वर फुलतात. बारीक दातांचं तिथे काम नाही. मी रुंद दातांचा आणि सावकाश चालणारा. सेर्वाच्या कंगव्याने डोकं दुखत नाही, असं बायका म्हणायच्या आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. लाकडाला मांस कसलं, असं विचारू नका. चढायचं.

मग केस सरळ करायची औषधं आली. गुलाबी, निळे प्लास्टिकचे कंगवे आले. बायका सलूनमध्ये जायला लागल्या आणि मला काळं कुत्रं विचारेना. एक दिवस स्वयंपाकघराची खिडकी वाऱ्याने आपटत होती, तर सेर्वाच्या सुनेने मला उचललं आणि फटीत पाचर म्हणून ठोकलं. पंचवीस वर्षं मी ती खिडकी धरून होतो. रोज संध्याकाळी उकडलेल्या कंदांचं फुफू कांडल्याचा आवाज ऐकायचा आणि गप्प बसायचं, एवढंच काम.

मला तिथून ओढून काढलं डुफीने. डुफी म्हणजे सेर्वाची धाकटी नात. हो, सेर्वा तोवर आजी झाली होती आणि बोआडू देवाघरी गेला होता. आमच्या बऱ्याच शाळांत मुलींनी केस अगदी बारीक ठेवायचे असा नियम असतो. त्यामुळे अठराव्या वर्षापर्यंत आपले केस दिसतात तरी कसे, हे डुफीला ठाऊकच नव्हतं. शाळा संपली आणि तिने ते वाढवायला घेतले. रोज आरशासमोर उभी राहून बोटाने मोजायची.

आजी ते बघत असायची. तिने गावभरच्या डोक्यांना वेण्या घातल्या होत्या, पण स्वतःच्या नातीच्या डोक्याला कधीच नाही. थोरल्या नातींनी शाळा सुटताच केस सरळ करून घेतले. आता उरली डुफी, आणि इकडे आजीची बोटं सांधेदुखीने आखडत चालली होती. तेवढ्यात डुफीला जंगलांचा अभ्यास करायला स्वीडनच्या उत्तरेला, उमेओला जायचं ठरलं. केस तेव्हा जेमतेम बोटभर. त्यांची वेणी काय घालणार?

आजीने मला धुऊन, तेल पाजून डुफीच्या हातात दिलं. सोबत शियाच्या बियांच्या लोण्याचा एक डबा दिला. रोज सकाळी केसांना पाणी लाव, या कंगव्याने विंचर आणि उन्हात वाळव, असं सांगितलं. मग तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "जूनमध्ये येशील तेव्हा मानेपर्यंत केस घेऊन ये. माझी बोटं तोवर मी सांभाळते. तुझे केस तू सांभाळ."

उमेओत ऑगस्ट-सप्टेंबर मजेत गेले. डुफी सकाळी केसांना पाणी लावायची आणि बसथांब्यावर उन्हात उभी राहायची. दर रविवारी फोनवर आजी विचारायची, "कुठपर्यंत आले?" डुफी एक बट ताणून दाखवायची. कान आला, कानाची पाळी आली. माझा मानही वाढला होता, फक्त एक प्रसंग सोडून. सामाईक स्वयंपाकघरात मी विसरलो गेलो आणि डुफीची शेजारीण एलिन, स्वभावाने फार चांगली मुलगी, तिने मलाच घेऊन शेवया वाढल्या. चवीला बऱ्या होत्या, पण मी खानदानी कंगवा आहे हो.

नोव्हेंबर आला आणि घोळ झाला. मुलगी आज्ञाधारक. आजीने सांगितलं ना, रोज सकाळी पाणी, मग रोज सकाळी पाणी. बाहेर उणे अठरा आणि ही ओल्या केसांनी बसथांब्यावर. पाच मिनिटांत केस कडक व्हायचे, काटक्यांसारखे वाजायचे. मग ती वरून लोकरीची टोपी ओढायची. लोकर केसांतलं उरलंसुरलं तेल पिऊन टाकायची आणि घरातली गरम हवा बाकीचं काम करायची. शियाचं लोणी खिडकीच्या गार काचेपाशी दगड झालं होतं. डुफीला वाटलं खराब झालं, म्हणून तिने डबा तिथेच पडू दिला.

केस तुटायला लागले. उशीवर, कॉलरवर, बेसिनमध्ये तुकडेच तुकडे. ती एका सलूनमध्ये गेली. तिथली मुलगी नम्रपणे म्हणाली की असे केस आम्ही कधी हाताळलेले नाहीत, माफ करा. डुफी हसून बाहेर पडली आणि कोपऱ्यावर जाऊन रडली. मी खिशात होतो म्हणून मला माहीत. त्या रविवारी तिने फोनवर टोपी काढलीच नाही. खोलीत घाम फुटेल एवढी ऊब, आणि ही म्हणते, "थंडी आहे, आजी." आजीने टोपीकडे नीट पाहिलं आणि केसांऐवजी जेवणाचं विचारलं. त्याचंच मला भय वाटलं.

डिसेंबरमधल्या एका शनिवारी डुफीच्या कानामागे मोठा गुंता झाला. कोरडे केस, डोळ्यांत पाणी, हातात राग. तिने मला वरून घातलं आणि खाली ओढलं. मी जीव खाऊन धरून राहिलो, पण किती धरणार? कट्ट झालं. माझा सातवा दात केसांत राहिला आणि केसांचा मुठीएवढा झुबका माझ्यात राहिला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. मला दाताचं दुःख नव्हतं हो. या हातांनी पुढे काय करायचं ठरवलंय ते मला दिसत होतं.

तिने वरच्या मजल्यावरच्या मुलाकडून केस कापायचं मशीन मागून आणलं आणि मला खिशात टाकून तळघरातल्या धुलाईखोलीत गेली. तिथे मोठा आरसा होता. मशीन चालू केलं. शाळेसारखे बारीक करू, म्हणजे कटकट मिटली, असं पुटपुटली. मशीन कपाळाला लागणार, तेवढ्यात दार उघडलं.

दारात लेतेब्रहान उभी होती, कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन. मूळची एरिट्रियाची, याच इमारतीत राहणारी, वीस वर्षं उमेओत बस चालवते. डुफी रोज तिच्याच बसने जायची, पण दोघी कधी बोलल्या नव्हत्या. लेतेब्रहानने भिंतीवरच्या यादीकडे बोट दाखवलं. "बारा ते दोन कपडे धुवायचा नंबर माझा आहे. रडायचं असेल तर यादीत नाव लिहून रडावं लागतं इथे."

डुफीला हसू आलं आणि हसता हसता पुन्हा रडू आलं. सगळं सांगितलं तिने. आजी, जून, बोटं, पाणी, सगळं. लेतेब्रहानने आधी मशीन बंद केलं. मग म्हणाली, "रोज बघते मी तुला. डोक्यावर बर्फाचं झुडूप घेऊन बसमध्ये चढतेस. वाटायचं, हिला कोणीच नाही का सांगायला?"

"आजीने सांगितलं तसंच केलं, आंटी."

"तुझी आजी बरोबर आहे, पोरी. तिचं ऊन इथे नाही, एवढंच."

त्या दुपारी कपडे मशीनमध्ये फिरत राहिले आणि माझं पुन्हा काम सुरू झालं. लेतेब्रहानने दगड झालेलं लोणी मागवलं आणि तळहातांत चोळलं. ते पाण्यासारखं वितळलं. खराब झालंच नव्हतं मुळी! केस ओले करून, लोणी लावून तिने मला घेतलं आणि थेट टोकांशी आणलं. आधी टोकं, मग थोडं वर, मग आणखी थोडं वर. गुंता सुटायला तास लागला, पण एकही केस तुटला नाही. इतक्या वर्षांनी कोणीतरी मला सेर्वासारखं धरलं होतं. कानामागचा तुटका भाग सोडला तर बाकीचे केस शाबूत होते. जाता जाता तिने जुन्या कोटाचं गुळगुळीत अस्तर आणून डुफीच्या लोकरी टोपीला आतून शिवून दिलं. पाणी आता शनिवारीच, घरी वेळ असेल तेव्हा. पुरतं वाळल्याशिवाय बाहेर पाऊल नाही, असं बजावलं.

दुसऱ्या दिवशी डुफीने फोनवर टोपी काढली. आजीने पडद्याजवळ तोंड आणून नीट पाहिलं. "टोपीवरूनच कळलं होतं मला," ती म्हणाली. "आता रडं आवर आणि बट ओढून दाखव."

जूनमध्ये आम्ही अहवियाला गेलो. केस ताणले की मानेला लागत होते. कानामागचे तेवढे आखूड. आजी स्टुलावर बसली, डुफी खाली. आजीने मला हातात घेतलं आणि अंगठ्याने दात मोजले.

"सातवा कुठे?"

"उमेओत. माझ्या रागामुळे गेला."

"असू दे. माझाही याच वर्षी गेला," म्हणत आजीने तोंड उघडून दाखवलं.

मग तिने वेणी घालायला घेतली. बोटं वळत नव्हती. पेड सुटायचा, ती पुन्हा धरायची. दुपारी सुरू केलेली एक वेणी संध्याकाळी फुफू कांडायच्या वेळेला संपली, तीही वाकडी. आजीने हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "एवढी माझी. बाकीचं डोकं तुझं." डुफीने उरलेल्या एकोणीस वेण्या स्वतः घातल्या, अगदी सरळ. वाकडी मात्र पुढे, कपाळावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

आम्ही उमेओला परतलो. लेतेब्रहानने वेण्या पाहून मान डोलावली आणि सांगितलं की सहा-आठ आठवड्यांत सोडायच्या, नाहीतर मुळांना ताण बसतो. डुफीने एकोणीस सोडल्या. विसावी, आजीची वाकडी, सोडवेना. दहा आठवडे झाले, अकरा झाले, वेणीच्या मुळाशी केस ओढले जाऊ लागले. आजीची बोटं पुढच्या जूनमध्ये वळतील की नाही कोणाला ठाऊक? शेवटी तिने आजीला फोन लावला आणि सोडू का, असं हळूच विचारलं.

"सोड गं, वेडे," आजी म्हणाली. "घट्ट धरून ठेवलं की तुटतं. जून येईलच. पुन्हा घालीन, आणखी वाकडी घालीन."

मित्रांनो, तुमचे केस कसेही असोत, आणि तुमच्या घरी म्हातारी माणसं असोत की जुने कंगवे, दोघांशी सावकाश वागा. ओढू नका, आणि खिडकीत तर मुळीच ठोकू नका. मला एवढंच सांगायचं होतं. आता मला काम आहे. डुफीने केस ओले केले आहेत, लोणी तळहातांवर वितळलं आहे आणि तिने मला विसाव्या वेणीच्या अगदी टोकाशी आणून धरलं आहे.