मिशीशी गाठ पडलेला मास्क

मी मास्क बोलतोय. मला तोंडावर बांधलं की भल्याभल्यांची बोलती बंद होते, तेव्हा मीच बोलायला बसलो याचं तुम्हाला हसू येईल. येऊ द्या. नाकासमोर चालणारी सरळ माणसं तुम्ही पाहिली असतील. मी नाकावर बसणारा, आणि मला बघून नाक न मुरडणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

कारखान्यातल्या साच्यातून बाहेर पडलो तेव्हा काठाला मऊ निळसर रबर, पाठीमागे चार पट्टे आणि समोर हत्तीच्या सोंडेसारख्या नळीसाठी भोक असा माझा थाट होता. तिथून थेट मोठ्या इस्पितळातल्या छातीच्या वॉर्डात आलो. तिथल्या डॉक्टरीणबाई संशोधन करत होत्या. फुप्फुसं थकलेल्या माणसाचा श्वास उथळ होतो, आतली खराब हवा बाहेर पडत नाही, रक्तात आम्ल वाढतं आणि माणूस गुंगीत जातो. यंत्राने मास्कमधून हवा आत ढकलली तर बरेच जण सावरतात. पण मास्क सहन होत नाही म्हणून लोक तो ओढून फेकतात. माझ्यासारखा नवा मास्क लोक जास्त वेळ ठेवतात की जुन्या पद्धतीचा, हे बाईंना पाहायचं होतं.

आपल्यावर संशोधन चाललंय म्हटल्यावर मी रबरभर फुगलो. जुना मास्क शेजारच्या खणात होता. त्याच्याकडे मी बघतसुद्धा नव्हतो.

माझ्या वाट्याला आला एक न्हावी. वय साठीच्या पुढे, छातीचं दुखणं जुनं, आणि मिशी? काय सांगू! दोन्ही गालांवर पसरलेली, टोकांना पीळ दिलेली. चाळीस वर्षं गावभरच्या मिशा कातरल्या, पण स्वतःच्या मिशीला कुणाला हात लावू दिला नव्हता. दोन दिवस धाप लागत होती, मग अचानक गाढ झोपले. "दमलेत, झोपू दे," असं म्हणून घरच्यांनी उठवलं नाही. दुपारी हाक मारली तर ओ देईनात, तेव्हा बायकोने धावपळ करून आणलं.

मनगटातून रक्त काढलं. आम्ल बरंच चढलेलं. त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, संशोधनासाठी सही झाली, मला काकांच्या तोंडावर बांधलं आणि माझी फजिती सुरू झाली. मिशीच्या केसांतून हवा फुस्स फुस्स करत सुटायला लागली. सिस्टरांनी पट्टे आवळले, कापूस कोंबला. यंत्र कोकलायला लागलं. एवढा शहाणा मास्क, आणि चार केसांपुढे नांगी टाकली!

"काकू, मिशीतून हवा गळतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही काढावी लागेल. असंच चाललं तर घशात नळी घालावी लागेल, आणि ती यांच्या फुप्फुसांना जड जाईल."

काकूंनी पदर तोंडाला लावला. "अहो, लग्नात बघितलेली मिशी आहे ती. शुद्धीवर आले की मला घरात घेणार नाहीत."

"घरी परत जायचं असेल तर..." बाईंनी सिस्टरांना वस्तरा आणायची खूण केली.

काकूंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "वस्तरा द्या. परक्याचा हात नको."

आयुष्यात पहिल्यांदाच वस्तरा धरत होत्या. तोंडाने सारखं चाललं होतं, "रागवा मग, पण आधी उठा. उठून रागवा." सिस्टर काकांचं डोकं धरून उभ्या. केस उशीवर पडले, ओठावर एक ओरखडा उमटला. मला पुन्हा बांधलं. या खेपेला चिकटून बसलो. बढाई मारण्यासारखं काही नाही. साफ भिंतीवर पोस्टरही चिकटतं.

थोड्या वेळाने पुन्हा रक्त काढलं. आम्ल उतरत होतं. संध्याकाळी काकांनी डोळे उघडले आणि हात सवयीने ओठाकडे गेला. मी मध्ये. मला बाजूला सारून त्यांनी चाचपलं, आणि चाचपतच राहिले.

"कुणी केली?"

"मी," काकू रडवेल्या होऊन म्हणाल्या.

काका खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "डावीकडे राहिलीय थोडी. इतकी वाईट हजामत आपल्या दुकानात झाली असती तर गिऱ्हाईकाने दुकान पेटवलं असतं." आणि काकूंचा हात घट्ट धरला.

काका बरे होऊन मला आणि यंत्राला घेऊन घरी गेले. काही महिन्यांनी तपासणीला गेलो तेव्हा संशोधन संपलं होतं. काकांनी विचारलं, "मग काय निघालं, मॅडम?"

"दोन्ही मास्क सारखेच. नव्याने विशेष फरक पडत नाही."

"मला तर यानेच वाचवलं!"

"जुन्यानेही वाचवलं असतं, काका."

"मग आता हे असंच लिहिणार?"

"लिहायलाच हवं. नाहीतर उद्या कुणीतरी उगाच महागडा मास्क घेत बसेल."

माझा फुगा तिथेच फुटला.

तरी काकांनी मला पुन्हा घरी नेलं. मी त्यांच्या नाकावर रोज झोपलो, काकू मला रोज सकाळी धुवायच्या. आता रबर कडक झालंय, काठ चिरलाय. माझ्या जागी नवा आलाय. तो जुन्या पद्धतीचा आहे हे सांगायला मला लाज वाटते. मी दुकानात आरशाशेजारी खिळ्याला लटकतोय, अंगावर दुनियेचे केस घेऊन.

गेल्या महिन्यात एक गिऱ्हाईक दाढीला बसलं होतं. म्हणालं, "वडिलांची धाप आज जरा थांबली. सकाळपासून मस्त झोपलेत. हाका मारल्या तरी उठत नाहीत."

काकांचा वस्तरा गालावरच थांबला. "ऊठ."

"अहो, अर्धी राहिलीय!"

"राहू दे. आधी बापाला दवाखान्यात ने. पळ!"

तो एका गालाला फेस घेऊन रस्त्याने पळत सुटला.

आज तो वडिलांना घेऊन आला होता. म्हातारबुवा खुर्चीत टेकले, त्यांच्या नाकाच्या दांड्यावर मास्कने उमटवलेला लाल वळ होता. आरशात बघता बघता त्यांची नजर माझ्यावर पडली, आणि त्यांनी असं काही नाक मुरडलं की बस्स! एवढा मान मला आजवर कुणी दिला नव्हता.